लाकूड फिरलं की करवत बदलायची

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. गावभागातल्या आमच्या घरात ते कमरेच्या वर होतं. पाणी उतरलं, गाळ काढला, आणि पुढं काही महिन्यांनी जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवून घेतली. त्यानं जमीन पाऊण इंच वर आली आणि आतल्या खोलीचं दार उघडेना. दार खालून पाऊण इंच कापायचं, एवढंच काम. पण पुरानंतर सांगलीत कुठल्याच सुताराला सवड नव्हती. मी दुकानातून नवी करवत आणली, दार बिजागऱ्यांतून सोडवलं, दोन स्टुलांवर आडवं टाकलं, पेन्सिलीनं रेघ मारली आणि कापायला लागले.

पहिले चार इंच झरझर गेले. मग करवत अडखळायला लागली. दहा-दहा हात मारावेत तेव्हा कुठं पाव इंच सरकायची. रेघ सोडून ती हळूहळू आतल्या बाजूला वळत होती आणि मधेच अशी अडकायची की दोन्ही हातांनी ओढून काढावी लागायची. अर्ध्या तासानं घामाघूम होऊन मी खाली बसले. हात थकला, अजून सवय नाही, असंच मला वाटलं. संध्याकाळी गल्लीतले सुतारमामा कामावरून परत जाताना डोकावले. त्यांनी कापावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हात न्हाई थकला तुमचा. लाकूड फिरलंय हितं."

त्या एका वाक्यात करवतीची निम्मी विद्या आहे. पॅनेलच्या दाराला दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या असतात आणि खाली एक रुंद आडवी पट्टी असते. दार खालून कापताना रेघ एकच असली तरी काप तीन असतात. पहिले चार इंच उभ्या पट्टीचे. तिथं आपण लाकडाच्या रेष्यांना, म्हणजे त्याच्यातल्या लांब धाग्यांना, आडवे तोडत असतो. मधले पंचवीस इंच आडव्या पट्टीचे. तिथं रेषे आपल्या रेघेच्याच दिशेनं धावतात, म्हणजे आपण लाकूड उभं चिरत असतो. शेवटचे चार इंच पुन्हा आडवे. माझी करवत आडव्या कापाची होती. टोकांना ती बरोबर चालली आणि मधे फसली.

म्हणून करवत घ्यायला गेल्यावर "कुठली चांगली?" असं विचारून भागत नाही. पहिला प्रश्न असा, की मला रेष्यांना आडवं तोडायचंय की रेष्यांच्या बाजूनं उभं चिरायचंय?

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला ऊस पुरे. लाकूड म्हणजे लांब, पोकळ, एकमेकांना चिकटलेल्या नळ्यांची मोळी. उसाचं कांडं आडवं तोडायचं तर कोयत्याला धार लागते. बोथट कोयत्यानं ते पिंजतं, चिंध्या होतात. तेच कांडं उभं सोलायला घेतलं की साल लांबच्या लांब पट्टीनं निघते, फक्त कोयता मधेच रेष्यांच्या नादाला लागून वाकडा जातो. लाकडाचं अगदी असंच आहे. आडवं तोडताना प्रत्येक रेषा दोन्ही बाजूंनी छेदावा लागतो. उभं चिरताना रेषे छेदायचे नसतात, त्यांचे बारीक बारीक कपटे खरवडून बाहेर काढायचे असतात. कामं दोन, म्हणून दातेही दोन जातींचे.

उभ्या कापाच्या करवतीचा प्रत्येक दाता म्हणजे एक छोटी पटाशी, सुताराची सपाट धारेची छिन्नी. टोक सपाट, समोरची कड जवळजवळ सरळ उभी. एकामागं एक लावलेल्या शे-दीडशे पटाश्या लाकडाच्या अंगावरून जातात आणि प्रत्येक जण आपापला कपटा उचलते. आडव्या कापाच्या करवतीचा दाता म्हणजे सुरीचं टोक. त्याची समोरची कड साधारण 15 अंश मागं झुकलेली असते आणि दात्याच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात. एक दाता डावीकडं टोकदार, पुढचा उजवीकडं. हे दाते आधी कापाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक चिरा पाडतात, आणि मधलं लाकूड आपोआप भुसा होऊन निघतं. दुकानात पहिलीला रिप सॉ म्हणतात आणि दुसरीला क्रॉसकट. मात्र आपल्याकडच्या बहुतेक हार्डवेअरच्या दुकानांत साधी करवत मागितली की क्रॉसकटच हातात येते. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

दोन्हींतला फरक मामांनी मला सुईनं दाखवला. चांगल्या आडव्या कापाच्या करवतीचे दाते वर करून धरले की डाव्या आणि उजव्या टोकांच्या मधे पन्हाळीसारखी बारीक खोबण दिसते. त्या खोबणीत शिवायची सुई ठेवायची आणि करवत थोडी कलती करायची. सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जाते, खाली पडत नाही. उभ्या कापाच्या करवतीवर सुईला अशी वाट मिळत नाही, कारण दात्यांची टोकं सपाट असतात. सुई घसरताना मधेच अडकली तर तिथला दाता वाकलाय किंवा जास्त घासला गेलाय, हेही लगेच कळतं. दुकानात उभं राहून हे करायला दोन मिनिटं लागतात.

भुसाही बोलतो. उभ्या कापाची करवत नीट चालत असेल तर खाली पडणारा भुसा जाडसर, धाग्याधाग्याचा असतो. बोटांत धरता येतो. आडव्या कापाच्या करवतीचा भुसा रव्यासारखा दाणेदार पडतो. माझ्या दाराखाली मधल्या भागात पडला होता तो मैद्यासारखा, पिठूळ. एवढा बारीक भुसा म्हणजे दाते लाकूड उचलत नाहीत, नुसते घासतायत. ते पीठ दात्यांमधल्या खाचांत दाबून बसतं, खाच भरली की दात्याचं टोक लाकडाला टेकतच नाही आणि करवत वरच्या वर सरकत राहते. आपण जोर लावतो, पातं वाकतं, काप वळतो. उलट, उभ्या कापाची करवत आडव्या कापाला वापरली तर ती चालते भरभर, पण कडा फाटतात आणि खालच्या बाजूनं लाकडाच्या ढलप्या निघतात.

आता दुसरा प्रश्न: दाते किती बारीक? पात्यावर किंवा वेष्टनावर टी. पी. आय. असा आकडा असतो. तो म्हणजे एका इंचातल्या दात्यांची संख्या. जुन्या करवतींवर मुठीजवळ नुसताच आकडा ठोकलेला सापडतो. तो बहुधा इंचातली टोकं मोजून दिलेला असतो, म्हणजे टी. पी. आय. पेक्षा एकानं जास्त. उभ्या कापाच्या मोठ्या करवतीला इंचात 4 ते 7 दाते असतात, आडव्या कापाच्या करवतीला 8 ते 12, सांध्यांच्या बारीक कामाच्या करवतीला 12 पासून 20 पर्यंत.

आकडा मोठा म्हणजे करवत चांगली, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खरं नाही. आकडा लाकडाच्या जाडीशी जुळवायचा असतो. कापताना एका वेळी साधारण 6 ते 10 दाते लाकडात असावेत, आणि काही झालं तरी 3 च्या खाली जाऊ नये. दोन इंच जाडीच्या चौकटीच्या लाकडाला इंचाला 5 दात्यांची करवत लावली की 10 दाते लाकडात असतात. काम छान चालतं. त्याच लाकडाला 14 दात्यांची करवत लावली तर 28 दाते एकदम लाकडात जातात, प्रत्येकाच्या वाट्याला जोर थोडा येतो आणि खाचा लगेच भरतात. उलट अर्धा इंच जाडीच्या ड्रॉवरच्या फळीला 5 दात्यांची करवत लावली तर अडीचच दाते लाकडात बसतात. करवत धडधडते, उड्या मारते, फळीची कड तुटते. तिथं 16 दात्यांची हवी. आठ दाते लाकडात राहतात.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, आणि माझी करवत अडकण्यामागं तिचाही हात होता. करवतीचे दाते सरळ रांगेत नसतात. एक किंचित डावीकडं, पुढचा किंचित उजवीकडं, असे फाकवलेले असतात. याला कामावरची माणसं सेट म्हणतात. त्यामुळं लाकडात पडणारी चीर पात्यापेक्षा रुंद होते आणि पातं मोकळं फिरतं. चिरेची रुंदी पात्याच्या जाडीच्या दीडपटीपर्यंत असली की पुष्कळ झालं. त्याहून जास्त सेट असेल तर चिरेत पातं हलत राहतं, काप वेडावाकडा जातो आणि फुकट जादा लाकूड कापायची मेहनत पडते.

पण हे सुक्या लाकडाचं झालं. ओलं लाकूड फुगलेलं असतं, त्याचे रेषे दात्यापुढं तुटण्याऐवजी दबतात, आणि दाता पुढं गेला की परत उसळून पात्याला घट्ट धरतात. पुराचं पाणी पिऊन महिनोन् महिने हळूहळू सुकत असलेलं आमचं दार बाहेरून कोरडं दिसत होतं, आतून नव्हतं. मी आणलेली करवत सुक्या लाकडासाठी, थोड्या सेटची. ओल्या लाकडाला मोठे दाते, खोल खाचा आणि जास्त सेट लागतो. लाकडाची दुसरी सवयही ध्यानात ठेवावी. ते पाणी पिऊन रुंदीत आणि जाडीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पावसाळ्यात दार चौकटीला बाजूनं घासतं. अशा वेळी करवत काढू नये, रंधाही जपून मारावा. उन्हाळा आला की तेच दार ढिलं होतं.

लांब फळी उभी चिरताना मागची चीर मिटून पात्याला चिमटा बसतो. त्याला उपाय जुनाच आहे: चिरेत मागून एक लहान पाचर सरकवून ठेवायची आणि काप पुढं जाईल तशी ती पुढं घ्यायची. निलगिरीच्या लाकडाला तर ही पाचर हवीच. ते झाड वाढतानाच आतून ताणलेलं असतं. चिरायला घेतलं की दोन्ही भाग वाकतात, कधी चीर मिटते तर कधी फाकते.

लाकडाची जात म्हणाल तर आपल्या भागातली तऱ्हा सांगते. आटपाडी, जत, माण, खटावकडची बाभूळ कठीण आणि जड. ती ओली असतानाच कापून घेतलेली बरी. सुकल्यावर बारीक दात्यांची नाजूक करवत तिच्यावर टिकत नाही. साग कापायला सोपा वाटतो पण त्याच्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, म्हणून धार लवकर जाते. सागाची चार दारं केली की कानस काढायची तयारी ठेवावी. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण रेषे गुंतलेले, कडुनिंबाचंही तसंच. या दोन्हींना आडव्या कापात धार असलेली करवतच लागते, नाहीतर कड केसाळ होते. आणि जुन्या वाड्यांच्या तुळया कुणी स्वस्तात देत असेल तर जरूर घ्याव्यात, फक्त कापण्याआधी त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवावा. शंभर वर्षांत कुणी कुठं खिळा ठोकला असेल याचा नेम नाही, आणि एका खिळ्यात करवतीचे पाच-सहा दाते जातात.

आता सांधे. चौकटीच्या कोपऱ्यात एका लाकडाला कुसू काढतात आणि दुसऱ्याला त्याच्या मापाचं भोक पाडतात. हे कुसू कापायला पाठीला पट्टी असलेली करवत वापरतात. दुकानात टेनन सॉ म्हणतात. पातं पातळ असतं, म्हणून वरच्या कडेला पितळेची किंवा लोखंडाची पट्टी बसवलेली असते. ती पात्याला ताठ ठेवते आणि तिच्या वजनानंच करवत कापते, वरून दाबावं लागत नाही. पट्टीमुळं खोलीला मर्यादा येते. ती लाकडाला टेकली की काप तिथंच थांबला. लांबी साधारण 12 ते 14 इंच.

या एवढ्याशा कुसवातही पुन्हा तेच. कुसवाचे गाल, म्हणजे त्याच्या रुंद बाजू, रेष्यांच्या बाजूनं उभे चिरायचे असतात, आणि खांदे, म्हणजे कुसू जिथून निघतं तिथली पायरी, रेष्यांना आडवे. चोखंदळ कारागीर दोन करवती ठेवतात. एकच परवडत असेल तर आडव्या कापाची घ्यावी असं माझं मत आहे, कारण खांद्याचा काप बाहेरून दिसतो आणि गाल भोकात जातात. गालाला दोन मिनिटं जास्त लागली तर लागू देत. ड्रॉवरच्या कोपऱ्यातला, पारव्याच्या शेपटीसारखा फाकलेला डोव्हटेल सांधा मात्र जवळजवळ सगळा उभा चिरायचा असतो. म्हणून त्याच्या 8 ते 10 इंची छोट्या करवतीला दाते बारीक असले तरी ते पटाशीच्या जातीचेच घासलेले असतात. बारीक दाते म्हणजे आडव्या कापाचे, असं समजण्यात मीही फसले होते.

प्लायवूडची गोष्ट वेगळी. त्याचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, म्हणजे कुठूनही कापलं तरी काही थर आडवे येणारच. त्याला 10 ते 12 दात्यांची आडव्या कापाची करवत बरी. 18 मिलिमीटरच्या प्लायमध्ये तिचे सात-आठ दाते बसतात. वरचा पापुद्रा उडू नये म्हणून रेघ पेन्सिलीनं न मारता पट्टी धरून सुरीनं ओढावी आणि करवत त्या रेघेच्या बाहेरच्या अंगाला चालवावी. पुढं ढकलताना कापणारी करवत खालच्या बाजूनं ढलप्या काढते, म्हणून चांगली बाजू वर ठेवायची.

प्लायमधला सरस धार फार लवकर खातो. त्यामुळं चांगली, घासून घासून जपलेली करवत प्लायवर घालवू नये. यासाठी हल्ली सगळीकडं मिळणारी कडक दात्यांची करवत योग्य. तिच्या दात्यांची टोकं निळसर-काळी दिसतात. ती तेवढीच तापवून कडक केलेली असतात. ती खूप दिवस धार धरतात, पण एकदा बोथट झाली की कानस त्यांच्यावरून नुसती घसरते; धार लावता येत नाही, करवत बदलायची. साध्या पोलादाच्या करवतीला मात्र पिढ्यान् पिढ्या धार लावता येते. मामांकडची एक करवत त्यांच्या वडिलांची आहे. घासून घासून तिचं पातं निम्मं उरलंय आणि अजून सागाची फळी सरळ चिरते.

मराठीत एक म्हण आहे, करवतीची धार पुढे सरली तरी कापते, मागे सरली तरी कापते. ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून ओढतात त्या मोठ्या करवतीला ती लागू पडते. तिचे दाते दोन्ही दिशांना कापतात. घरातली हातकरवत एकाच दिशेनं कापते. हल्ली दुकानात मिळणाऱ्या बहुतेक करवती पुढं ढकलताना कापतात. जपानी करवती ओढताना कापतात. जमिनीवर बसून, लाकूड पायात धरून काम करणाऱ्या आपल्याकडच्या सुतारांच्या जुन्या करवतीही ओढतानाच कापायच्या. दाते मुठीकडं वळलेले. सुतळी ओढली तर ताठ राहते, ढकलली तर गोळा होते. पात्याचंही तसंच. ढकलून कापायची करवत वाकू नये म्हणून जाड ठेवावी लागते, ओढून कापायची पातळ चालते. सांध्यांच्या जपानी करवतीचं पातं 0.3 मिलिमीटर इतकं पातळ असू शकतं, आणि तिची चीर केसासारखी दिसते. जपानी करवतीच्या एका जातीला एका कडेला उभ्या कापाचे आणि दुसऱ्या कडेला आडव्या कापाचे दाते असतात. माझ्या दाराला ती फार उपयोगी पडली असती. मात्र त्या करवती मऊ लाकडासाठी घडवल्यात. सुक्या बाभळीवर त्यांचे लांब, बारीक दाते तुटतात.

गोल आणि वळणाचे काप रुंद पात्यानं होत नाहीत. त्याला धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेलं अरुंद पातं लागतं: कोपिंग सॉ, आणि त्याहून नाजूक फ्रेट सॉ. कोपिंग सॉला साधारण साडेसहा इंची पातं आणि इंचात 15 च्या आसपास दाते. पातं दाते मुठीकडं करून बसवलं की ओढताना कापतं आणि ताठ राहतं. आतून भोक कापायचं असेल तर आधी ड्रिलनं छिद्र पाडून पातं त्यातून ओवून घ्यायचं.

बारीक दात्यांना किती थोडा जोर लागतो हे मी मिरजेत पाहिलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांचे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येतात. वाळलेल्या भोपळ्याला लाकडासारखे सरळ रेषे नाहीत. तो कवटीसारखा, जोर पडला की तडकणारा. सतारमेकर गल्लीत एक कारागीर भोपळा मांडीत धरून त्याचं तोंड कापत होते. डाव्या हातानं भोपळा हळूहळू फिरवायचा, उजव्या हातातल्या बारीक करवतीचा नुसता स्पर्श. एकदाही करवत आरपार घातली नाही. आधी सगळीकडून फिरवून उथळ चीर पाडली, मग त्याच चिरेतून दुसरा फेरा, तिसरा फेरा. भोपळ्याची टोपी शेवटी आपणहून सुटून त्यांच्या तळव्यात आली. गोल नळी किंवा बांबू कापतानाही हीच रीत चालते.

झाडाच्या ओल्या फांदीला छाटणीची वाकड्या पात्याची करवत असते, तीही ओढून कापते. तासगावकडं द्राक्षाचं जुनं खोड कापायला वापरतात ती हीच. पाइप आणि लोखंडाला हॅक्सॉ. ती लाकडाला लावू नये. दाते इतके बारीक की दोन हात मारले की भरून जातात.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं काय घ्यावं? माझ्या मते आधी कडक दात्यांची, 22 इंची, 8 दात्यांची एक करवत आणि 12 इंची टेनन सॉ. वळणाचं काम असेल तर कोपिंग सॉ. उभ्या कापाची करवत नवी शोधत फिरू नये. जुन्या बाजारात साध्या पोलादाची मोठी करवत मिळाली तर ती घ्यावी. पातं डोळ्यासमोर धरून सरळ आहे ना बघावं, वाकवून सोडलं की परत सरळ होतं ना बघावं. वरवरचा गंज चालेल, खड्डे पडलेला गंज नको. मूठ हलत असली तर स्क्रू आवळता येतात. मग ओळखीच्या सुताराकडून ती उभ्या कापाची घासून घ्यावी. दाते कुठल्या जातीचे हे कानशीच्या कोनावर ठरतं, म्हणून आडव्या कापाची करवत उभ्या कापाची करता येते. चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडं करवत देऊ नये. चाकाच्या उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो, आणि दाते लहान-मोठे होतात.

धरण्याबद्दल दोनच गोष्टी. तर्जनी मुठीत नाही, पात्याच्या दिशेनं सरळ पुढं ठेवायची. मनगट आपोआप सरळ राहतं. आणि सुरुवात करताना डाव्या अंगठ्याचं पेर पात्याला टेकवून करवत दोन-तीनदा नुसती मागं ओढायची, चीर पडली की अंगठा काढून मग पुढं ढकलायची. आडव्या कापाला करवत साधारण 45 अंशांत धरतात, उभ्या कापाला 60 अंशांत. पूर्ण लांबीचा हात मारावा. मधल्या चार इंचांनीच खुरखुर केली तर तेवढेच दाते झिजतात.

त्या संध्याकाळी मामांनी त्यांच्या वडिलांची करवत आणली, इंचाला 5 दात्यांची, उभ्या कापाची. आडव्या पट्टीत माझा काप जिथं वळला होता तिथून दोन इंच मागं जाऊन त्यांनी रेघेवर नवी चीर सुरू केली. आवाजच वेगळा होता, खर्र-खर्र असा जाड. दहा मिनिटांत मधला भाग संपला. शेवटच्या चार इंचांना ते थांबले, माझी करवत मागितली आणि म्हणाले, "आता तुम्ही करा. हितं तुमचीच चालती." सुटत आलेल्या पट्टीला त्यांनी खालून हात दिला, म्हणून शेवटची कड फाटली नाही.

पुढं जुन्या बाजारातून मीही एक करवत आणली आणि ती घासायला त्यांनीच शिकवलं. दोन फळ्यांमधे पातं घट्ट धरायचं. सपाट कानस दात्यांच्या टोकांवरून एकदा हलकेच फिरवून सगळे एका उंचीला आणायचे. मग तिकोनी कानस काटकोनात धरून प्रत्येक खाचेत दोन-तीन हात, फक्त पुढं ढकलताना. आडव्या कापाची असेल तर कानस 15 ते 25 अंश तिरपी धरायची, एकाआड एक दाता या बाजूनं आणि उरलेले करवत फिरवून त्या बाजूनं. काम झालं की पात्याला मशीनचं तेल पुसून ठेवायचं. खायचं तेल नको, ते चिकट होतं. कापताना पातं जड वाटलं तर मेणबत्ती घासायची.

धार गेली हे ओळखायला उजेड पुरतो. धारदार टोक दिसत नाही, बोथट टोक चमकतं. गेल्या खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडताना खिडकीतलं ऊन करवतीवर पडलं आणि मधल्या पाच-सहा इंचांत बारीक ठिपके चकाकले. हळदी-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, दसरा होऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कानस काढली.